खिडक्यांना निळा रंग

डार्विन, १८ एप्रिल १९९४

थेमे,

तुझं पत्र फेब्रुवारीत मिळालं आणि उत्तर आज लिहिते आहे, तेव्हा आधी मला शिव्या देऊन घे. दिल्यास? आता बातमी ऐक. आमची कालोटिना तिकडे येते आहे. तेवीस वर्षांची झाली, पण ग्रीस, आपलं कालिम्नोस बेट, तिने फक्त माझ्या तोंडून ऐकलं आहे. ती ज्यांच्याकडे नोकरी करते ते ग्रॅहम आणि त्यांची बायको लॉर्ना यांच्याबरोबर येईल. तिघांनी कोस बेटावरून आठवड्यासाठी शिडाची नाव भाड्याने घेतली आहे. तीस जुलैला, शनिवारी, चढायचं, पुढच्या शनिवारी उतरायचं. मधे लिप्सी, पॅटमॉस, लेरॉस, आणि गुरुवारी आपलं बंदर.

नाव चालवायला पांतेलिसच हवा, असं मी कंपनीला कळवलं आहे. परक्या माणसापेक्षा आपला नवरा बरा, म्हणजे तुझा. एक मात्र कर. तो तिचा काका आहे हे कालिम्नोसला पोचेपर्यंत तिला सांगू नका. मालकांसमोर काकाला हुकूम सोडायचे म्हणजे पोर अवघडेल. घरी आल्यावर कळू दे, मजा येईल.

आणि घर जरा नीट करून घे. चुना मार, खिडक्यांना निळा रंग दे. छप्पर गळतं का ते कळव. वरच्या खोलीची ओल गेली का?

इथे सगळं छान. तुझा भावोजी द्रोसोस कामात गर्क असतो, घर मोठं आहे, आवरता आवरत नाही. फोन करू नकोस, नीट ऐकू येत नाही आणि पैसे मात्र पूर्ण लागतात. पत्रच लिही.

तुझी,
सेवास्ती

*

पोथिया, कालिम्नोस, ५ मे १९९४

ताई,

शिव्या दिल्या. दोन उरल्या आहेत, त्या तू आलीस की समोर देईन.

ईस्टर झालं. दोन्ही डोंगरांवरून पोरांनी नेहमीसारखा सुरुंग उडवला आणि आपल्या पुढच्या दोन काचा गेल्या. ख्रिस्त उठला आणि आमच्या काचा पडल्या, असं पांतेलिस म्हणतो. छप्पर गळत नाही. ओल आहे तेवढीच आहे, आपण दोघी लहान होतो तेव्हापासून आहे. पण आईने उभ्या जन्मात खिडक्यांना तपकिरीशिवाय रंग लावला नाही. निळा उन्हात विटतो म्हणायची. तुला ऑस्ट्रेलियात बसून निळा कुठून सुचला?

पांतेलिस तयार आहे. तो बुड्या मारून काढायचा ते समुद्रातले स्पंज रोगाने मेले त्याला आता आठ वर्षं झाली, तेव्हापासून तो ह्याच भाड्याच्या नावा चालवतो. डुबकी मारण्यापेक्षा सोपं काम, फक्त हसावं जास्त लागतं, म्हणतो. पण स्वतःच्या भाचीच्या पेट्या उचलायच्या आणि काका आहे म्हणायचं नाही, हे त्याला पटलेलं नाही. मीच समजूत घातली.

आता माझ्या दोन गोष्टी.

आईला जाऊन फेब्रुवारीत तीन वर्षं झाली. रीतीप्रमाणे कबर उघडून अस्थी काढायच्या राहिल्या आहेत. पुजारी दर रविवारी विचारतो आणि मी दर रविवारी तुझं नाव सांगते. थोरलीने स्वतः वाइन ओतून अस्थी धुवायच्या, ही रीत मी नाही पाडली. तुला जमत नसेल तर कालोटिनाने धुवाव्यात. आईचंच नाव आहे तिला.

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या साकेलारिनाचं ठरतं आहे. मुलगा नोमिकोस, टपाल कार्यालयात आहे, पाय जमिनीवर असलेला. पण इथली रीत तू विसरली नसशील. मुलीने घर घेऊन लग्नात उभं राहायचं, नवरा नुसती ट्रंक घेऊन येतो. हे घर थोरली म्हणून तुझ्या नावावर आहे आणि त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलं नाही. आई चौदा वर्षं अंथरुणावर होती तेव्हाही नाही. पण शेवटच्या महिन्यात ती मला म्हणाली, "सेवास्ती समुद्रापलीकडे राहते, तिला काय करायचंय घर? तिला माग, देईल." मी आजवर मागितलं नाही. आता मागते आहे.

तुझी,
थेमेलिना

*

डार्विन, ९ जून १९९४

थेमे,

साकेलारिनाचं वाचून डोळे भरून आले. तिला माझे आशीर्वाद सांग.

पण ऐक, ह्या एका आठवड्यात स्मशान आणू नकोस. पोरीला वर्षातून एवढीच सुट्टी. बरोबर परकी माणसं, त्यांना आपल्या चालीरीती काय कळणार? कबर उघडून आजीची हाडं धुवायची म्हटलं तर कालोटिना तिथेच पडेल. हिवाळ्यात मी येते, मग आपण दोघी मिळून करू. आईने एवढी वाट पाहिली, अजून थोडी पाहील.

घराबद्दल पत्रातून काय लिहायचं? माझ्या मनात काही आहे. कालोटिनाबरोबर कागद पाठवते आहे, वकिलाने करून दिलेला. तेवढी सही कर, म्हणजे सगळं मार्गी लागेल.

खिडक्या निळ्याच कर. माझी हौस म्हण.

तुझी,
सेवास्ती

*

पोथिया, ८ जुलै १९९४

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी मासे साफ करत होते. तशाच हातांनी फोडलं, म्हणून त्याला अजून वास येतो. "कागद पाठवते आहे" हे मी तीनदा वाचलं, मग साकेलारिनाला वाचायला दिलं, मग खाली जाऊन नोमिकोसच्या आईला सांगितलं. खरं सांगायचं तर तिला मी ईस्टरलाच सांगून टाकलं होतं की ताईने घर दिलं. खोटं बोलले होते. दोन महिने झोप नव्हती. तू माझी अब्रू राखलीस.

लग्न अठरा सप्टेंबरला ठरवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली आहे. चुना झाला. खिडक्या निळ्या झाल्या, तीन हात दिले. बंदरावरून वर पाहिलं की आता आपलं घर पहिलं दिसतं. पांतेलिस म्हणतो, मी समुद्रावरून येताना हेच धरून येईन, दीपस्तंभाची गरज नाही. आई असती तर तोंड वाकडं केलं असतं, पण मला आता आवडायला लागलं आहे.

अस्थींचं तू म्हणतेस तसं. हिवाळ्यात.

कालोटिनासाठी द्राक्षाच्या पानातला भात करणार आहे, आणि रस्क भिजवून टोमॅटो-कांद्याची आपली कोशिंबीर. तिचे मालक काय खातात ते कळव. काहीच खात नसतील तरी मी वाढणार आहे.

तुझी,
थेमे

*

डार्विन, ८ ऑगस्ट १९९४

माझ्या थेमे,

शुक्रवारी कोसहून कालोटिनाचा फोन आला. मावशीने हसत हसत सही केली, वर सगळ्यांना मिठाई वाटली, म्हणाली. तू एवढ्या मोठ्या मनाने सोडशील असं मला वाटलं नव्हतं.

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. द्रोसोस दीड वर्ष अंथरुणावर आहे. झोपेतच लकवा झाला. आमचं घर गेल्या वर्षीच गेलं. कालोटिनाच्या अंगणात मागे एक खोली आहे, पूर्वी तिथे गाडी ठेवत, तिथे आम्ही दोघं राहतो. फोन तिच्या दिवाणखान्यात आहे, म्हणून तुला करू नको म्हणायचे. तुला मोठ्या घराच्या गोष्टी लिहीत राहिले, कारण घर सोडून गेलेल्या बाईला परत काय दाखवायचं असतं?

ग्रॅहम चांगला माणूस आहे. त्याला कधीपासून एखाद्या ग्रीक बंदरावर घर हवं होतं, निळ्या खिडक्यांचं. कालोटिनाने आपल्या घराचं सांगितलं, तेव्हा म्हणाला, नाव भाड्याने घेऊ, आठवडाभर बेटं पाहू आणि घरही पाहू. वकील म्हणाला, इतकी वर्षं जो राहतो आहे त्याची हक्क सोडल्याची सही लागेल. ती तू दिलीस.

तुम्ही नाताळपर्यंत राहा, त्याची हरकत नाही. साकेलारिनाच्या लग्नाला मी काहीतरी नक्की पाठवेन. देव तुझं भलं करो.

तुझी,
सेवास्ती

*

पोथिया, ९ ऑगस्ट १९९४

सेवास्ती,

पहिल्यापासून सांगते, कारण तुझ्या मुलीने तुला अर्धंच सांगितलं असणार.

शनिवारी पांतेलिसने त्यांच्या पेट्या चढवल्या. रविवारी प्सेरिमोसला पोहले, खाल्लं. सोमवारी मेल्तेमी सुटला, आमचा ऑगस्टचा उत्तरेचा वारा, तुला आठवत असेल. लिप्सीला जाताना नाव आडवी होत होती. तुझ्या मुलीच्या मालकाला शीड कमी करायचं नव्हतं, आठवड्याचे पैसे दिलेत म्हणाला. कालोटिनाच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हाताने पांतेलिसने तिचं डोकं धरलं, लिंबू चोखायला दिलं, रस्क दिला. ती म्हणाली, तुम्ही फार चांगले आहात, तुमचं नाव काय म्हणालात? स्वतःच्या भाचीला त्याने नुसतं नाव सांगितलं. तुला शब्द दिला होता ना.

मंगळवारी पॅटमॉसला त्याने ऐकलं. ती तिघं मागे बसून जेवत होती आणि तो दोन हातांवर दोर आवरत होता. भिंत पाडून वरच्या दोन खोल्या एक करायच्या, खालची जागा बंदरात येणाऱ्या नावांच्या लोकांना भाड्याने द्यायची, असं चाललं होतं. कालोटिना म्हणाली, मावशी तिथे राहते, पण ती समजूतदार आहे, आई म्हणते. आठ वर्षं तो इंग्रजांना बेटं दाखवतो आहे, सेवास्ती. त्याला सगळं कळतं. त्यांना वाटलं, नावाड्याला काय समजणार.

आणि त्याने मला कळवलं नाही. पॅटमॉसला फोन आहे, लेरॉसला फोन आहे. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. विचारलं तर म्हणाला, "तू खिडक्या पुसत बसली असशील. मला नंबर फिरवता आला नाही."

गुरुवारी दुपारी नाव आली. मी आईचा चांगला झगा घातला होता. कालोटिना दारात उभी राहिली आणि मला आईच दिसली, तेच कपाळ. तिला धरून मी रडले. मग पेट्या घेऊन मागून आलेल्या पांतेलिसकडे बोट दाखवून म्हणाले, हे तुझे काका. तिचा चेहरा लाल झाला. तिला हे ठाऊक नव्हतं, ही तिची चूक नाही. तू ठरवलेली मजा ती हीच का?

पांतेलिस पाणी भरायला बंदरावर परत गेला. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, मी येईपर्यंत काही करू नकोस. मला वाटलं, जेवणाचं म्हणतो आहे. लॉर्नाबाईंनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. ग्रॅहमने पट्टी काढून दार मोजलं. मला वाटलं, परदेशी माणसं, त्यांना जुन्या दारांचं कौतुक असेल. मीच पट्टीचं दुसरं टोक धरलं.

मग मी कालोटिनाला विचारलं, आईने कागद दिलाय ना? तिने दिला. चार पानं, वकिली ग्रीक, जाड शिक्के. चष्मा आतल्या खोलीत होता. आणून वाचू शकले असते. पण समोर परकी माणसं, शेजारची फोटिनी खास पाहायला आलेली, आणि सख्ख्या बहिणीने दिलेलं दान मी चष्मा लावून तपासायचं? नोमिकोसच्या आईलाही बोलावलं होतं. सगळ्यांच्या देखत मी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात सही केली, दोन्ही प्रतींवर. साकेलारिनाने मिठाईचं ताट फिरवलं. ग्रॅहमने माझा हात हातात घेऊन दाबला. मला वाटलं, तो माझ्या मुलीचं अभिनंदन करतो आहे.

संध्याकाळी ती तिघं नावेवर गेली. पांतेलिस वर आला, मी त्याच्यापुढे माझी प्रत धरली. तो पायरीवर बसला. म्हणाला, "तू वाचलंस?"

साकेलारिनाने मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावर ‘हक्क सोडते’ आलं आणि तिने कागद खाली ठेवला.

सकाळी मी धक्क्यावर गेले. कालोटिनाला म्हटलं, बाळ, तो कागद परत दे, माझी चूक झाली. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मावशी, तो माझ्याकडे नाहीये." ग्रॅहम कॉफी पीत होता, मला पाहून त्याने कप उंचावला. सगळं बंदर बघत होतं. मला ओरडता आलं नाही. पांतेलिसने दोर सोडला, कारण शनिवारी नाव कोसला द्यायची होती आणि ती नोकरी गेली तर आता घरही नाही. माझा कागद बंदराबाहेर गेला आणि नाव माझा नवराच चालवत होता.

मी तुझ्याकडे मागितलं होतं. तू नाही म्हणाली असतीस तर मी आठ दिवस रडले असते आणि विसरले असते. मला फसवलंस का?

थेमेलिना

*

डार्विन, ३० ऑगस्ट १९९४

थेमे,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं वाचून तुझं काय झालं असेल, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मला वाटलं तू वाचशील. तू लहानपणापासून दुकानाची पावतीसुद्धा वाचणारी. वाचशील, भांडशील, मग मी सगळं खरं लिहीन, असं मी स्वतःला सांगत होते. आणि पांतेलिसला नावेवर का ठेवलं ते आता सांगते. तो ऐकेल आणि तुला सांगेल, म्हणून. मला लिहायचा धीर नव्हता. माझं काम त्याने करावं असं मला वाटलं. त्यानेही केलं नाही. आपण सगळेच एका माळेचे मणी.

परत फिरवता येत नाही. ग्रॅहमने आगाऊ दिलेलं द्रोसोसच्या दवाखान्यात गेलं. कालोटिनाची नोकरी त्याच्याकडे आहे. ती माझ्याशी आठवड्यात दोनच शब्द बोलते, तेही औषधाचे.

मी हिवाळ्यात येऊ शकत नाही, थेमे. कधीच येऊ शकत नव्हते. एक ओळ लिही. माफ केलंस एवढंच लिही, खोटं असलं तरी चालेल.

सेवास्ती

*

२० ऑक्टोबर १९९४

सेवास्ती,

घर आम्ही सप्टेंबरच्या शेवटीच रिकामं केलं. नाताळपर्यंतची सवलत ग्रॅहमला परत कर. लग्न झालं नाही. नोमिकोसची आई भांडली नाही, दारात उभी राहून एवढंच म्हणाली, मुलगी सोन्यासारखी आहे, पण राहणार कुठे? नोमिकोस तिच्या मागे उभा होता, पाय जमिनीवर असलेला. साकेलारिना ऱ्होड्सला गेली, हॉटेलात खोल्या आवरते. मला दोष देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

पांतेलिस अजून नाव चालवतो. दर आठवड्याला नवी माणसं येतात, आणि बंदरात शिरताना दर वेळी कोणीतरी विचारतं, त्या निळ्या खिडक्यांचं घर कोणाचं? तो सांगतो, एका ऑस्ट्रेलियन माणसाचं. मग ते फोटो काढतात. त्याच्यासाठी तो नाव जरा थांबवतो, कंपनीचा तसा नियम आहे.

काल आईच्या अस्थी काढल्या. तुझी वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पुजारी, मी, पांतेलिस आणि फोटिनी, एवढीच माणसं. सहा ऑगस्टला कोसला उतरताना तुझ्या ग्रॅहमने पांतेलिसच्या हातात पाकीट ठेवलं होतं, आठवडाभराच्या सेवेचं, सगळेच नावाड्याला देतात तसं. तुझी मुलगी तेव्हा समुद्राकडे तोंड करून उभी होती. ते पाकीट आम्ही उघडलं नव्हतं. काल उघडलं आणि त्यातल्या पैशांनी वाइन आणली. आईच्या कामात थोरलीकडून काहीतरी यायला हवं होतं, ते आलं.

तुला माहीत आहे, अस्थी काळ्या निघाल्या तर मेलेल्याचा जीव अडकलेला, आणि स्वच्छ निघाल्या तर सुटलेला. मी रात्रंदिवस प्रार्थना केली होती की काळ्या निघू देत. स्वतःच्या आईसाठी असं मागणारी मी पहिलीच असेन. मला वाटत होतं, चौदा वर्षं जिची पाठ मी पुसली, ती एकदा तरी माझ्या बाजूने बोलेल. तुझ्यावर रागावेल, गावाला दिसेल.

पुजाऱ्याने कवटी वर काढली आणि हसला. मेणासारखी पिवळी, स्वच्छ. एक डाग नाही. फोटिनीने छातीवर क्रुसाची खूण केली, म्हणाली, बाई सुखात आहे. मी एकेक हाड हातात घेऊन उलटून पाहिलं. धुवायचं म्हणून नाही, शोधत होते. काही नव्हतं. तिचा कोणावर राग नव्हता, तुझ्यावरही नाही.

तुला माफीची एक ओळ हवी होती, ती तिच्याकडून मिळाली. माझ्याकडे मागू नकोस.

वर गावाचं नाव लिहिलेलं नाही. नवा पत्ता फोटिनीलाही सांगितलेला नाही.

थेमेलिना